बेसबॉल कार्डं गोळा करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काडेपेट्यांचे छाप, पोस्टाची तिकिटं किंवा बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं ज्यांनी कधी जमवली आहेत, त्यांना हा छंद परका वाटणार नाही. अमेरिकेत तो 1880च्या दशकापासून चालू आहे आणि त्याभोवती आता लिलावगृहं, दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या आणि भामटे असा सगळा गोतावळा उभा आहे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारे मराठी पालक मुलाच्या हट्टापायी पहिलं पाकीट घेतात आणि महिन्याभरात स्वतःच भिंग घेऊन बसतात. खालचे प्रश्न अशा नव्या संग्राहकांचे आहेत.

व्हिंटेज कार्ड म्हणजे नेमकं कधीपर्यंतचं?

सर्वमान्य व्याख्या नाही, पण बोलताना बहुतेक जण 1980 ही रेघ धरतात. दुसऱ्या महायुद्धाआधीची ती प्री-वॉर: सिगरेटच्या पाकिटातली, कॅरमलबरोबरची, 1930च्या दशकातली गमबरोबरची. 1948 ते 1980 हा बोमन आणि टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपन्यांचा काळ. टॉप्सने 1956मध्ये बोमनला विकत घेतलं आणि पुढे पाव शतक मैदान जवळजवळ एकट्याने मारलं. 1981मध्ये फ्लीअर आणि डॉनरस उतरले आणि छपाई वाढत गेली. साधारण 1987 ते 1993 या वर्षांना संग्राहक 'जंक वॅक्स' म्हणतात, म्हणजे मेणकागदी पाकिटांतला कचरा. त्यानंतर चकचकीत क्रोम, सह्या, जर्सीचे तुकडे, क्रमांकित कार्डं हे सगळं आधुनिक.

आमच्या घराच्या गॅरेजमध्ये आधीच्या मालकाची 1988-90ची चार खोकी सापडली. नशीब उघडलं का?

बहुधा नाही. जुनं ते सोनं हा नियम इथे चालत नाही. जुनी कार्डं महाग झाल्याच्या बातम्या 1980च्या दशकात सगळ्यांनीच वाचल्या होत्या, त्यामुळे त्या वर्षांत लोकांनी कार्डं फेकली नाहीत, प्लास्टिकमध्ये घालून जपली. कंपन्यांनीही मागेल तितकी छापली. 1987च्या टॉप्सचा 792 कार्डांचा अख्खा संच आजही दहा-वीस डॉलरला मिळतो.

तरी खोकी न बघता देऊन टाकू नका. एका संध्याकाळचं काम आहे. पुढची कार्डं, त्यातली काही आगेमागच्या वर्षांची, दिसली तर वेगळी काढा:

– 1989 अप्पर डेक, 1 नंबर, केन ग्रिफी ज्युनिअर. हजारोंनी उपलब्ध आहे, तरी मागणी टिकून आहे.
– 1990 टॉप्स, 414 नंबर, फ्रँक थॉमस. पुढच्या बाजूला खेळाडूचं नाव छापायचं राहिलं असेल तरच. नाव असेल तर किरकोळ.
– 1993 एसपी (अप्पर डेकचाच संच), 279 नंबर, डेरेक जीटर. चकाकत्या फॉइलवरचं हे कार्ड कोपऱ्यांवर लगेच सोलतं, म्हणून चांगल्या अवस्थेतलं दुर्मीळ आणि महाग.
– 1984 ते 1991मधले टॉप्स 'टिफनी' संच. चित्रं नेहमीचीच, पण कागद पांढरा, समोर जास्त चकाकी आणि संख्या फार कमी.
– 1991 टॉप्स 'डेझर्ट शील्ड'. आखाती युद्धातल्या अमेरिकी सैनिकांसाठी पाठवलेली, वरच्या कोपऱ्यात सोनेरी ढालीचा शिक्का. याची नक्कल खूप होते, म्हणून प्रमाणित नसेल तर जपून.

1989 फ्लीअरचं 616 नंबरचं बिली रिपकनचं कार्डही बघून घ्या. त्याच्या बॅटच्या मुठीच्या टोकावर एक शिवी लिहिलेली होती आणि ती तशीच छापली गेली. मग कंपनीने ती कधी पांढऱ्याने, कधी गिरवून, कधी काळ्या चौकोनाने झाकली. काळा चौकोन सगळ्यात जास्त सापडतो. पांढऱ्या डागाचं कार्ड खरोखर दुर्मीळ.

सुरुवात कशातून करावी?

हद्द आखून. 'सगळं आवडतं' असं म्हणणाऱ्याकडे दोन वर्षांनी तीन हजार कार्डं असतात आणि संग्रह नसतो. एक खेळाडू, एक संघ, किंवा एक वर्ष धरा. वर्ष धरलं तर 1970च्या दशकातलं धरा, असं आमचं मत. चित्रं देखणी आहेत, साधी कार्डं एक-दोन डॉलरला मिळतात, आणि संच पुरा करताना छपाईच्या खोड्या आपोआप कळत जातात. 1971च्या टॉप्सला काळी किनार आहे. ती कडेला इतकी पटकन उडते की त्या वर्षाची स्वच्छ कार्डं शोधणं हाच वेगळा खेळ होतो.

प्री-वॉर ऐकूनच घाबरायचं कारण नाही. 1909 ते 1911 या काळातलं टी-206 मालिकेतलं अनोळखी खेळाडूचं, गोलावलेल्या कोपऱ्यांचं कार्ड पन्नासेक डॉलरच्या आसपास मिळू शकतं. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी खिशातल्या सिगरेटच्या पाकिटात होतं ते.

हे 'टी-206' वगैरे आकडे कुठून आले?

जेफरसन बर्डिक या संग्राहकाच्या कॅटलॉगमधून. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, आर म्हणजे गम आणि गोळ्यांबरोबरची. बर्डिक यांनी आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. त्यात तीस हजारांच्या वर बेसबॉल कार्डं आहेत.

टी-206च्या मागे सिगरेट-तंबाखूच्या 16 वेगवेगळ्या ब्रँडच्या जाहिराती आहेत. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल नेहमी दिसतात. तेच चित्र दुर्मीळ ब्रँडच्या पाठीसह आलं तर किंमत कितीतरी पट. त्यामुळे टी-206 घेताना कार्ड आधी उलटून बघायची सवय लावा.

होनस वॅग्नरचं कार्ड इतकं महाग का?

त्याच टी-206 मालिकेतलं हे कार्ड. वॅग्नरने आपलं चित्र वापरायला हरकत घेतली आणि छपाई लवकर थांबली. मुलांना तंबाखूकडे ओढायला नको म्हणून, की मानधनाच्या मुद्द्यावर, यावर अजून वाद आहे. आज साठेक प्रती ठाऊक आहेत. 2022मध्ये एक खासगी व्यवहारात 72.5 लाख डॉलरला गेली.

वॅग्नरच्या सगळ्यात गाजलेल्या प्रतीची गोष्ट मात्र प्रत्येक नवख्याने लक्षात ठेवावी अशी आहे. पीएसए या ग्रेडिंग (कार्डाचा दर्जा ठरवणाऱ्या) कंपनीने 1991मध्ये काम सुरू केलं तेव्हा दर्जा दिलेलं ते पहिलं कार्ड, आणि त्याला 10पैकी 8 मिळाले. 2013मध्ये एका लिलावगृहाच्या माजी मालकाने आपण ते कार्ड कडेने कापलं होतं अशी कबुली दिली. दर्जा देऊन कार्ड ज्या बंद डबीत घालतात तिच्यावरचा आकडा हे माणसाचं मत असतं, एवढं त्यातून घ्यावं.

1952 टॉप्सचा एवढा गाजावाजा कशासाठी? मिकी मँटलचं पहिलं कार्ड तर 1951चं आहे ना?

बरोबर. मँटलचं रुकी कार्ड (नवा खेळाडू म्हणून निघालेलं पहिलं) 1951 बोमनचं, 253 नंबर. तरीही लोक 1952 टॉप्सच्या 311 नंबरच्या मागे लागतात, आणि त्याला कारण आहे. टॉप्सचा हा पहिला मोठा संच: 407 कार्डं, आकार 2 5/8 बाय 3 3/4 इंच, त्या काळच्या मानाने ऐसपैस, मागे आकडेवारी, पुढे सहीची नक्कल आणि संघाचं चिन्ह. 311 ते 407 ही शेवटची मालिका हंगाम संपत आल्यावर बाजारात आली. मुलांचं लक्ष तोवर फुटबॉलकडे गेलं होतं. माल पडून राहिला. टॉप्सचे साय बर्जर यांनी सांगितल्याप्रमाणे 1960मध्ये उरलेली खोकी कचऱ्याच्या तराफ्यावर लादून अटलांटिकमध्ये बुडवली. 2022च्या ऑगस्टमध्ये मँटलचं 9.5 दर्जाचं कार्ड 1.26 कोटी डॉलरला विकलं गेलं.

गंमत म्हणजे मँटल छपाईच्या कागदावर दोनदा बसवलेला होता, म्हणजे आपल्याच मालिकेतल्या इतर बऱ्याच कार्डांपेक्षा तो जास्त छापला गेला. दुर्मीळ असणं आणि हवंसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच संचातलं 1 नंबरचं अँडी पाफ्कोचं कार्ड बघा. खेळाडू साधा. पण मुलं नंबराने कार्डं लावून रबरबँड घालायची आणि सगळ्यात वर पाफ्को असायचा. त्यामुळे त्याच्या कडांना खाचा पडल्या, वरचा थर घासला गेला. स्वच्छ पाफ्को मिळणं म्हणूनच दुरापास्त. जुन्या संचांतलं पहिलं आणि शेवटचं कार्ड नेहमी जास्त तपासून घ्यावं ते यासाठी.

रुकी कार्ड कसं ओळखायचं?

2006पासून सोपं आहे: मुख्य लीगमध्ये आलेल्या नव्या खेळाडूच्या कार्डावर 'आरसी' (रुकी कार्ड) असा शिक्का छापतात. त्याआधीच्या कार्डांसाठी यादी बघावी लागते. जुन्या काळी एका कार्डावर दोन ते चार नवे खेळाडू असत. नोलन रायनचं 1968 टॉप्सचं 177 नंबर त्याने जेरी कूसमनबरोबर वाटून घेतलं आहे.

गोंधळ होतो तो बोमनमुळे. खेळाडू अजून छोट्या लीगमध्ये असतानाच बोमन त्याचं कार्ड काढतं. त्यावर 'फर्स्ट' असा शिक्का असेल तर ते बोमनमधलं पहिलं कार्ड, पण ते आरसी नव्हे. माइक ट्राउटचं आरसी म्हणजे 2011 टॉप्स अपडेटमधलं यूएस-175. सहीसह हवं असलेलं मात्र 2009च्या बोमन क्रोम ड्राफ्टमधलं. त्याची जगात एकच असलेली सुपरफ्रॅक्टर प्रत 2020मध्ये 39.36 लाख डॉलरला गेली. दोन्ही चांगली; फक्त विकणारा एक दाखवून दुसऱ्याचा भाव सांगत नाही ना, एवढं बघा.

खरं कार्ड आणि रीप्रिंट यातला फरक घरी ओळखता येतो का?

बऱ्याचदा येतो. हत्यारं चार: 10 पटीचं भिंग, मिलिमीटरची धातूची पट्टी, छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, आणि त्याच वर्षाचं एक खात्रीचं स्वस्त कार्ड. चौथं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक घेत नाहीत.

आधी मोजा. 1957पासून टॉप्सचं कार्ड 2.5 बाय 3.5 इंच, म्हणजे 63.5 बाय 88.9 मिलिमीटर. 1952 ते 1956ची मोठी. टी-206 साधारण 36.5 बाय 66.7. टॉप्सने 1983मध्ये 1952च्या संचाचं पुनर्मुद्रण केलं ते आजच्या लहान आकारात, मागे तसं छापूनही. कुणी 'मँटल 1952' म्हणून 2.5 बाय 3.5 इंचाचं कार्ड पुढे केलं तर भिंग बाहेर काढायचीही गरज नाही.

मग भिंगाखाली काळी अक्षरं आणि चौकटीच्या रेघा बघा. जुन्या छपाईत काळा रंग वेगळ्या प्लेटने सलग येतो. अक्षराची कड भरीव दिसते. रीप्रिंट हा छापील कार्डाचा फोटो काढून केलेला असतो, म्हणून तेच अक्षर निळ्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांनी बनलेलं दिसतं. एकदा शेजारी ठेवून पाहिलंत की पुन्हा विचारावं लागणार नाही.

तिसरी पायरी अंधाऱ्या खोलीत. साधारण 1940च्या दशकाच्या मध्यानंतर कागदात शुभ्रता आणणारी रसायनं घालायला लागले. ती अल्ट्राव्हायोलेटमध्ये निळसर पांढरी चमकतात, अगदी नीळ घातलेल्या सदऱ्यासारखी. 1910चं म्हणून दिलेलं कार्ड असं झगमगलं तर ते 1910चं नाही. उलटं मात्र खरं धरू नका: चमकलं नाही म्हणून अस्सल असं नव्हे, कारण जुना कोरा कागद वापरणारेही आहेत.

शेवटी हात. खोटी झीज एकसारखी असते: चारही कोपरे सारखेच गोल, घड्या अगदी मधोमध, चहाचा रंग सगळीकडे सारखा. खऱ्या वापरात एखादा कोपरा बचावतोच.

'ट्रिम' केलेलं कार्ड म्हणजे काय?

झिजलेल्या कडा ब्लेडने कापून कोपरे टोकदार केलेलं. कार्ड अस्सल असतं, पण किंमत बरीचशी जाते. ग्रेडिंग कंपनी आकडा देत नाही, फक्त 'अस्सल' किंवा 'फेरफार केलेलं' असा शेरा देते. पट्टीवर अर्धा मिलिमीटरही कमी भरलं तर शंका घ्या. तरी नुसत्या मापावर जाऊ नका, कारखान्यातही थोडं कमी-जास्त कापलं जायचं. कड तिरक्या उजेडात धरा. जुन्या कार्डाची कड तंतुमय आणि मळकट असते. नवा काप पांढरा, गुळगुळीत, कधी किंचित आत वळलेला. चारपैकी एकच कड वेगळी दिसली तर उत्तर मिळालं. काळ्या किनारीच्या कार्डांवर मार्करने रंग भरलेला असतो, तो कडेवरून आतल्या कागदात झिरपलेला दिसतो.

अवस्था बघताना काय बघायचं?

कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे की नाही, या चार गोष्टी. पहिल्या तीन डोळ्यांना दिसतात, चौथी मोजायची. डाव्या आणि उजव्या किनारीची रुंदी मोजा. समजा डावीकडे 3.3 आणि उजवीकडे 2.7 मिलिमीटर. बेरीज 6.0. मग 3.3 भागिले 6.0, म्हणजे 55 टक्के, कार्ड 55/45. डावी 3.6 आणि उजवी 2.4 असती तर 60/40. हेच वर-खाली. दोन्हींतला वाईट आकडा धरायचा. पीएसएच्या 10साठी पुढची बाजू साधारण 55/45च्या आत हवी, 9ला 60/40 चालतं.

पृष्ठभागासाठी एकच दिवा ठेवा आणि कार्ड हळूहळू तिरकं करा. सरळ बघून न दिसलेली सुरकुती तिरक्या उजेडात केसासारखी उमटते. मागच्या बाजूला विसरू नका: जुन्या पाकिटात शेवटच्या कार्डावर मेणाचा डाग आणि गमला चिकटलेल्या कार्डावर तपकिरी चट्टा ठरलेला.

कार्ड ग्रेडिंगला पाठवावं का?

बहुतेक कार्डं पाठवू नयेत. आधी हिशेब मांडा. समजा सुटं कार्ड 40 डॉलरला जातं. ग्रेडिंगचे 25, जाण्यायेण्याचे वाटणीला 8. म्हणजे तुमचे 73 गुंतले. 10 मिळाला आणि 150ला विकलं, तर विक्रीच्या संकेतस्थळाचे सुमारे 13 टक्के जाऊन 130 हातात. उत्तम. पण 9 मिळाला आणि भाव 65 असेल, तर हातात 56-57. सुटं विकलं असतं तरी बरं झालं असतं. नव्या कार्डांत 9ला सुट्या कार्डापेक्षा फारसा जास्त भाव नसतो, हे लोकांना पहिला गठ्ठा परत आल्यावर कळतं. शुल्क वरचेवर बदलतं, आणि कार्डाची किंमत ठरावीक मर्यादेच्या वर निघाली तर कंपनी फरकही मागते.

जुन्या कार्डांचं गणित वेगळं. तिथे 3 किंवा 4 सुद्धा चालतो, कारण घेणाऱ्याला आधी 'अस्सल आहे, कापलेलं नाही' एवढी हमी हवी असते.

पाठवायचंच ठरलं तर असं: कार्ड नव्या पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकची पिशवी), मग अर्धकडक कार्ड सेव्हरमध्ये. टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या पाकिटात नको. तो काढताना कोपरा दुखावतो. फॉर्मवरच्या क्रमाने लावा. गठ्ठ्यापेक्षा थोडे मोठे दोन पुठ्ठे दोन्ही बाजूंना, आणि रबरबँड पुठ्ठ्यांवर, सैल. भोवती बबल रॅप, मग खोकं. पाठवण्याआधी प्रत्येक कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो.

पॅरलल, रिफ्रॅक्टर, 'स्लॅश पन्नास' ही काय भानगड आहे?

तेच चित्र वेगळ्या रंगात किंवा वेगळ्या लकाकीत छापलं की पॅरलल. रिफ्रॅक्टर म्हणजे उजेडात इंद्रधनुष्यासारखं चमकणारं. सुरुवात 1993च्या टॉप्स फाइनेस्टपासून. कार्डावर 17/50 असं असेल तर 50पैकी सतरावं. टॉप्स क्रोममध्ये साधारण सोनेरी 50, नारिंगी 25, लाल 5 आणि सुपरफ्रॅक्टर 1.

सतरावं की तिसरं याने सहसा फरक पडत नाही. फरक पडतो तो खेळाडूने. अनोळखी खेळाडूची 25पैकी एक प्रत पाच डॉलरलाही पडून राहते. शिवाय एकाच खेळाडूची एका वर्षात इतक्या रंगांची कार्डं निघतात की 'दुर्मीळ' हा शब्दच स्वस्त झाला आहे.

सही आणि जर्सीचा तुकडा असलेली कार्डं घ्यावीत का?

सही थेट कार्डावर आहे की पारदर्शक स्टिकरवर करून चिकटवली आहे, ते बघा. पहिली नेहमी जास्त भाव खाते. तुकड्यांच्या कार्डाची मागची बाजू शब्दन् शब्द वाचा. 'सामन्यात वापरलेली', 'खेळाडूने घातलेली' आणि 'कोणत्याही विशिष्ट सामन्याशी संबंध नाही' ही तीन अगदी वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्या वाक्यातली जर्सी खेळाडूने फोटोसाठी दोन मिनिटं अंगावर चढवलेली असू शकते. अप्पर डेकने 1997मध्ये बेसबॉलच्या पाकिटांत जर्सीचे तुकडे घातले तेव्हा ते अप्रूप होतं. 1999मध्ये त्यांनी बेब रूथची खरी बॅट चिरून कार्डांत घातली, त्यावर तर बरीच आरडाओरड झाली.

पाकिटात कार्डाऐवजी 'रिडेम्प्शन' (कार्ड नंतर मागवण्यासाठीची कोड छापलेली चिठ्ठी) निघालं तर त्याच दिवशी कोड नोंदवा. त्याला मुदत असते. जुन्या बंद बॉक्समधली रिडेम्प्शन मुदत संपलेली असतात, हे बॉक्सचा भाव देताना धरा.

बॉक्स फोडावा की सुटी कार्डं घ्यावीत?

हवं असलेलं कार्ड सुटंच घ्या. बॉक्स म्हणजे करमणूक, सिनेमाच्या तिकिटासारखी. पैसे परत येतील या हिशेबाने घेऊ नये. पाकिटावर 1:24 असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सगळ्या छपाईत सरासरी 24 पाकिटांमागे एक. तुमच्या 24मध्ये ते असेलच असं नाही. अपवाद घडतात: 2024 टॉप्स क्रोम अपडेटमधलं पॉल स्कीन्सचं, पदार्पणाच्या सामन्यातल्या जर्सीवरचा बिल्ला लावलेलं एकमेव कार्ड एका 11 वर्षांच्या मुलाला निघालं आणि 2025च्या मार्चमध्ये 11.1 लाख डॉलरला विकलं गेलं. बाकीच्या कोट्यवधी पाकिटांची बातमी होत नाही.

'ब्रेक'मध्ये कुणीतरी ऑनलाइन बॉक्स फोडतो आणि तुम्ही आधी एखाद्या संघाचे पैसे भरलेले असतात. त्या संघाचं काही निघालं नाही तर पैसे गेले. ही जुगाराची सख्खी बहीण आहे. मुलांच्या हातात यासाठी फोन देऊ नका.

जुनी मेणकागदाची पाकिटं सुटी घेणं धोक्याचं. इस्त्रीने पुन्हा चिकटवता येतात. मागच्या घडीवर दोनदा वितळलेल्या मेणाची दुहेरी रेघ, पाकीट जास्तच घट्ट किंवा सैल, आणि गमचा डाग एका कार्डावर पण गम दुसरीकडेच, या खुणा.

कार्डं कशात ठेवायची?

आतून बाहेर असा क्रम: पेनी स्लीव्ह, मग 3 बाय 4 इंचाचा टॉपलोडर, मग बाहेरची छोटी पिशवी. साध्या कार्डाला 35 पॉइंटचा टॉपलोडर पुरतो (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जर्सीच्या जाड कार्डांना 75, 100, 130 असे पुढचे. जाड कार्ड 35मध्ये कोंबलं की कडा चेपतात. पातळ कार्ड 130मध्ये ठेवलं की ते आत आपटत राहतं.

नवखा कोपरा मोडतो तो बहुतेक वेळा स्लीव्हमध्ये घालतानाच. स्लीव्हच्या तोंडाशी एका कोपऱ्यात कात्रीने तिरका छोटा काप द्या, म्हणजे कार्डाच्या टोकाला वाट मिळते. स्लीव्ह दोन बोटांनी दाबून तोंड उघडा, कार्ड कडांनी धरा, ढकलू नका, सरकू द्या.

अल्बमची पानं पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पीव्हीसीचा वास नव्या रेनकोटसारखा येतो आणि काही वर्षांत ती कार्डाला चिकटतात. नऊ खणांच्या पानात 1952-56चं टॉप्स मावत नाही. आठ खणांचं पान मिळतं. जुन्या पद्धतीच्या चार स्क्रूंच्या पट्ट्या वापरू नका, दाबाने कार्ड चपटं होतं आणि ग्रेडर ते ओळखतात.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती टिकतील का?

टिकतील, पण मोकळ्या कपाटात नाही. कार्डाला 40 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. किनारपट्टीवर जुलैत ती सहज 80च्या वर जाते. क्रोम कार्ड आधी वाकतं, कारण मागचा कागद ओल शोषून फुगतो आणि पुढचा चकाकता थर फुगत नाही. वाकलेलं कार्ड हाताने उलटं वाकवायला जाऊ नका, थरात चीर पडते. कोरड्या जागी, दोन सपाट पुठ्ठ्यांत हलक्या वजनाखाली काही आठवडे ठेवलं की बरंच सरळ होतं.

रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. जेल रंग बदललं की तापवून कोरडं करा. पार तीसच्या खालीही नेऊ नका; कोरडेपणाने कार्ड उलट्या बाजूला वळतं. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, तिथेच ओल उतरते. आणि डांबराच्या गोळ्या नकोत. कसर पळेल, पण त्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ आणि चिकट होतं.

कार्ड पुसलं तर चालतं का?

क्रोमवरचा बोटाचा ठसा कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने अलगद. चकचकीत जुन्या कार्डावरचं मेण नायलॉनच्या पायमोज्याने हलक्या गोल हाताने निघतं. याच्या पुढे काही नाही: खोडरबर नाही, पाणी नाही, सुरकुतीवर इस्त्री तर मुळीच नाही. 1990च्या दशकातल्या फाइनेस्टवर कंपनीचीच पारदर्शक फिल्म असते; ती सोलू नका.

भाव कसा काढायचा?

मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. इबेवर 'सोल्ड' हा गाळणा लावा आणि त्याच कार्डाच्या, त्याच दर्जाच्या शेवटच्या पाच-सहा विक्री बघा. सगळ्यात वरची आणि खालची सोडा. 'ऑफर स्वीकारली' असेल तिथे दिसणारा आकडा खरा नसतो, प्रत्यक्षात कमीत गेलेलं असतं. हंगाम बघा: बेसबॉलपटूंचे भाव मार्च-एप्रिलमध्ये चढतात, नोव्हेंबरात उतरतात. नव्या खेळाडूचं कार्ड बाजारात आल्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत घेऊ नका. थांबलात तर बहुतेक वेळा स्वस्त मिळतं.

अमेरिकेतून भारतात कशी आणावीत? आणि विकताना कर लागतो का?

येणाऱ्या नातेवाइकाकडे द्यायची असतील तर हातातल्या बॅगेत, बिलाच्या प्रतीसह. चेक-इन बॅगेत नाही. कुरिअरने मागवली तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क धरून चाला. वीस डॉलरच्या कार्डासाठी हा द्राविडी प्राणायाम परवडत नाही, दहा-पंधरा एकत्र मागवा. पाकिटावर किंमत कमी लिहायला सांगू नका: हरवलं तर विमाही तेवढाच.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंवरच्या नफ्याला तिथे 28 टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो, शेअरपेक्षा वेगळा दर. खरेदीच्या पावत्या जपल्या नाहीत तर नफा किती हे सिद्ध करणं तुमच्याच अंगावर येतं. एका साध्या तक्त्यात तारीख, कार्ड, नंबर, दर्जा, दिलेली रक्कम आणि टपालखर्च एवढे सहा रकाने पहिल्या कार्डापासून भरा.

टपालाने पाठवताना काय चुकतं?

टॉपलोडरचं तोंड चिकटपट्टीने बंद केलेलं असतं आणि ती काढताना गोंद कार्डाला लागतो. रंगकामाची निळी कागदी पट्टी वापरा आणि तिचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला नखाने खरवडावं लागत नाही. टॉपलोडर पिशवीत, पिशवी दोन पुठ्ठ्यांत, पुठ्ठे एकमेकांना चिकटवलेले. कार्ड हलवून बघा. आवाज आला तर पुन्हा बांधा. अमेरिकेअंतर्गत 20 डॉलरपर्यंतच्या कार्डाला इबेचं साधं लिफाफ्याचं टपाल पुरतं. त्यावरचं काही असेल तर बबल मेलर आणि ट्रॅकिंग.